हलेल तो गेला

आमच्या घरात फोटो काढण्याचं शास्त्र फक्त मला येतं. त्यामुळे सगळ्यांचा एकत्र असा आमचा एकही फोटो नाही.

मी फोटोंवर संशोधन करते. कॅमेऱ्याला दिसलेल्यातलं नको ते गणितानं काढायचं, हा माझा धंदा. मी एक प्रोग्राम लिहिलाय: एकाच जागेचे लागोपाठ पुष्कळ फोटो घ्यायचे, जे हललं ते पुसायचं, जे स्थिर ते ठेवायचं. गर्दी गायब!

सासूबाईंना सगळं घर एका फोटोत हवं होतं, अंबरनाथच्या शिवमंदिरासमोर. धाकटे दीर दुपारीच मस्कतला परत निघणार, म्हणजे संधी एकच.

"बाजारातल्या स्टुडिओवाल्याला बोलवू या," नवरा म्हणाला.

"घरात मी असताना?"

"म्हणूनच म्हणतोय!"

सोमवार होता. देवळापुढे ही गर्दी! (मला उलट आनंदच झाला.) स्टँडवर कॅमेरा लावला, मध्ये खुर्चीवर सासूबाई, मागे सगळे ओळीत.

"कोणी हलायचं नाही! हलेल तो फोटोतून जाईल!" बटण दाबून मी धावत ओळीत शिरले.

कॅमेरा सुरू झाला आणि रिक्षातून बदलापूरच्या आत्या उतरल्या, सासूबाईंची धाकटी नणंद.

"अगंबाई! माझ्याशिवाय फोटो?"

आत्या दिसल्या की वाकायचं, हे आमच्या हाडात मुरलंय. दीर वाकले. जाऊ वाकली. नवरा वाकला. आत्यांचा आशीर्वादही आटोपशीर नसतो; एकेकाला उठवून, गालावरून हात फिरवून, "किती रे वाळलास!" (दीर शंभर किलोचे आहेत!)

"वहिनी, बोलत का नाही?"

"वन्सं, नंतर. मला हलायचं नाहीये," सासूबाई ओठ मिटूनच पुटपुटल्या.

आणि मी? मीही वाकले. पीएच.डी. एकीकडे, आत्या एकीकडे!

दीर विमानतळाकडे गेल्यावर फोटो उघडला. मंदिर सुरेख. गर्दीतलं एक माणूस नाही. आमच्यातलंही नाही! मधोमध खुर्चीत एकट्या सासूबाई. मूळ फोटो? ते प्रोग्राम आपोआप पुसतो. (जागा वाचते. कल्पना माझीच.)

घाबरतच सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो जवळून बघितला.

"लग्न झाल्यापासून माझा एकटीचा फोटो कोणी काढलाच नव्हता गं," म्हणाल्या, आणि फ्रेम करायला पाठवला.

आता तो हॉलमध्ये लागलाय. येईल त्याला त्या कौतुकानं सांगतात, "आमच्या सुनेनं काढलाय. खूप शिकलीये! एका बटणात सगळं सासर पुसलं, सासू तेवढी ठेवली!"