तिसऱ्या मजल्याची चतुःसीमा

किस्से उसाच्या ट्रॉल्यांसारखे असतात. सीझनला कारखान्याच्या गेटवर एक उभी राहिली की मागं रांग लागते, आन् पुढची रिकामी झाल्याशिवाय मागची हलत नाही. गावातल्या आप्पांबरोबर मी स्पेनला काय जाऊन आलो, माझीही तशीच रांग लागलीय. केडगाव स्टेशनबाहेरच्या टपरीवर रोज एक रिकामी करतो. टपरीवाला विचारतो, "दिनकरशेठ, पंधरवडा गेला होता का वनवासाला?"

माझं खता-बियाण्याचं दुकान आहे. गावात म्हणतात, दिनकरच्या खतात भेसळ नसते, ती सगळी बोलण्यात असते! म्हणोत. ही गोष्ट मात्र जशी घडली तशी.

आप्पांची लेक सुनंदा तिकडं नर्स आहे. भूमध्य समुद्राच्या काठचं गाव. नाव मला अजून धड म्हणता येत नाही. जावई त्याच गावात हॉटेलात शेफ. नातवाची शाळा घराखालीच. घर मात्र भाड्याचं, आन् मालकानं ते विकायला काढलेलं. उन्हाळ्यात तिथली सगळी घरं टुरिस्टांना जातात, भाड्यानं खोली म्हणून मिळत नाही. म्हणजे घर घ्या, नाहीतर पोराला घेऊन रस्त्यावर या. आप्पांनी पाटसजवळचा हायवेलगतचा वडिलार्जित तुकडा विकला आन् विमानाचं तिकीट काढलं. मला बरोबर घेतलं, कारण त्यांना शेजारच्या सीटवर ओळखीचा माणूस लागतो. एसटीतसुद्धा लागतो.

*

सुनंदा राहते तोच फ्लॅट, तिसऱ्या मजल्यावर. एजंट कार्मेनबाई उंच टाचांवर टकटक करत पुढं, मागं आम्ही. बाईंनी गॅलरीचा पडदा सर्रकन ओढला. समोर निळाशार समुद्र!

आप्पांनी समुद्राकडं पाहिलंसुद्धा नाही. "चतुःसीमा सांगा," म्हणाले.

ती विकणाऱ्याच्याच तोंडून ऐकायची, म्हणून सुनंदानं कपाळाला हात लावून स्पॅनिशमध्ये विचारलं. बाई म्हणाल्या, पूर्वेला रशियन बाई, पश्चिमेला इंग्रज जोडपं, वर जर्मन डॉक्टर, खाली मोरोक्कोचं कुटुंब.

आप्पा गंभीर झाले. "आन् बांधावरनं भांडण झालं तर शिव्या कुठल्या भाषेत द्यायच्या?"

*

मग आप्पा स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून ओंजळभर पाणी प्यायले. जमीन घेताना विहिरीचं पाणी चाखायचं, ही त्यांची रीत.

"मचूळ हाय."

कार्मेनबाई हसून म्हणाल्या, हे पाणी इथं कुणी पीत नाही, बाटलीचं आणतात.

"म्हंजी उशाला एवढं पाणी, आन् प्यायला बाटली? दिनकर, आपली भीमाच की रं ही!"

*

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगची सभा होती. विषय एकच: समुद्राच्या बाजूला कुणी काही वाळत घालायचं नाही. इंग्रज जोडप्यानं मोबाईलवर फोटो फिरवला. गॅलरीत सुनंदाच्या कुरडया!

सुनंदा शरमेनं खाली बघत होती. आप्पांनी आयुष्यात गावच्या सोसायटीच्या पाच निवडणुका काढलेल्या. ते गप उठले, रशियन बाईच्या शेजारी जाऊन बसले आन् पिशवीतनं तळलेली कुरडई काढून त्यांच्या हातावर ठेवली. मग जर्मन डॉक्टर. मग मोरोक्कोवाले. भाषेचा एक शब्द नाही, नुसता कुडुमकुडुम आवाज.

मतदान झालं. ठराव पडला! इंग्रजानं ठरावाच्या बाजूनं मत दिलं खरं, पण कुरडई खाताखाता. खोटं वाटत असेल तर सुनंदाला विचारा.

*

इथपर्यंत मजा होती. मग मालक आला.

ओलाव त्याचं नाव, नॉर्वेचा. सत्तरीचा, उन्हानं लाल झालेला, अबोल माणूस. त्यानं सरळच सांगितलं, पश्चिमेच्या इंग्रजालाही हा फ्लॅट पाहिजे, मध्ये भिंत पाडून मोठा करायचाय. शुक्रवारी नोटरीकडं सह्या करा, नाहीतर सोमवारी मी त्याला देतो.

सुनंदा म्हणाली, "करतो की! होय ना, आप्पा?"

आप्पांनी ओलावकडं बोट केलं. "त्याला इचार, बहिणी किती?"

"आप्पा!"

"इचार तर."

सुनंदानं विचारलं. ओलावचा लाल चेहरा पांढरा पडला. म्हणाला, एक आहे, इंग्रिड. वडील गेल्यापासून बोलणं नाही.

"हे घर घ्यायला पैसा कुठला?"

वडिलांचं घर विकून, ओलाव म्हणाला.

"झालं तर! बहिणीची सही पाहिजे."

कार्मेनबाई टाचांवरनं खाली उतरल्या, इतक्या चिडल्या! कागदावर बहिणीचं नाव नाही, कायद्यानं गरज नाही, चाळीस ठिकाणी घरं विकली, असलं कुणी मागितलं नाही! सुनंदा रडकुंडीला आली. "आप्पा, हे पाटस न्हाई वो!"

"बहीण कुठंबी बहीणच असती. उद्या ती दारात येऊन बसली तर उठवायची कुणी? तू?"

"माझं पोर रस्त्यावर आणताय तुम्ही!"

आप्पांची सही नाही म्हणजे नाही.

*

पुढचे दिवस घरात फक्त फ्रीज बोलत होता. सुनंदा ड्यूटीवरनं येई, भाकरी थापी, ताट आप्पांपुढं आपटी आन् खोलीत जाई. एका संध्याकाळी ती सामान खोक्यात भरू लागली. नातवानं विचारलं, "आई, आपण कुठं चाललो?" ती आप्पांकडं बघून म्हणाली, "आजोबांना विचार."

त्याच वेळी पलीकडनं ठकठक ऐकू आली. इंग्रज भिंत ठोकून बघत होता, पोकळ आहे का भरीव!

मी आप्पांना गॅलरीत गाठलं. "आप्पा, लेकीचं तोंड बघा. करा की सही. कोण येतंय नॉर्वेहून भांडायला?"

आप्पा म्हणाले, "दिनकर, तू खत इक."

गुरुवारी दुपारी ओलाव वर आला. दारातच उभा राहिला, आत येईना. बहिणीला फोन केला होता, म्हणाला. तिनं ऐकून घेतलं आन् एक शब्द न बोलता ठेवून दिला. आत्ता मेसेज आलाय.

"काय म्हणती?" आप्पांनी विचारलं.

ओलावनं मोबाईल सुनंदापुढं धरला. तीनच शब्द होते, अर्थ त्यानंच सांगितला. उद्या येते आहे.

ती सही करायला येते का हक्क सांगायला, ते काही लिहिलं नव्हतं.

*

शुक्रवारी नोटरीच्या ऑफिसात इंग्रिडबाई आल्या. भावाहून थोरल्या, काठी टेकत, पाठ मात्र ताठ. ओलाव उठून उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही, खुर्ची ओढून आप्पांच्या समोर बसल्या.

नोटरीसाहेबांनी घड्याळ बघत कागद वाचला. बहिणीची हरकत नसल्याचं दोन ओळींत वेगळं लिहून दिलं आन् म्हणाले, गरज नाही, पण तुमच्या समाधानासाठी. कागद बाईंपुढं सरकवला. बाहेरच्या बाकावर इंग्रज बसलेला काचेतनं दिसत होता. सुनंदानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून वळ आहे.

इंग्रिडबाईंनी चष्मा लावला. वाचलं. पेन घेतलं. मग पेन परत खाली ठेवलं आन् इंग्रजीत सुनंदाला काहीतरी विचारलं.

सुनंदानं आप्पांकडं पाहिलं.

"काय म्हणती ती?" आप्पा.

"त्या विचारतात..." सुनंदा अडखळली. "तुमच्या वडिलांनी हे घर घ्यायला पैसे कुठनं आणले? त्यांच्याही वडिलांची जमीन विकली का? मग त्यांना बहीण आहे का? आन् तिची सही झाली होती का?"

आप्पांना बहीण आहे, आक्का, वडगाव रासाईला दिलेली.

सही झाली होती. लई वर्षांमागं, एका भाऊबीजेला, साडीच्या घडीवर हक्कसोडीचा कागद ठेवून. वाचून कुणी दाखवला नव्हता. अख्ख्या केडगावाला माहीत होतं.

मी आप्पांच्या कानाशी लागलो, "व्हय म्हणा. झाली म्हणा. खोटं न्हाई ते."

आप्पांनी टोपी काढली. गुडघ्यावर ठेवली. परत घातली.

"सुनंदे," ते म्हणाले, "आक्काला फोन लाव. मोठ्यानं ऐकू येईल आसा."

सुनंदानं मोबाईल टेबलाच्या मध्यभागी ठेवला. रिंग वाजत राहिली. ओलाव, कार्मेनबाई, नोटरीसाहेब, सगळे त्या मोबाईलकडं बघत होते. शेवटी वडगाव रासाईहून आक्कांचा घाबराघुबरा आवाज आला.

"कोण, आप्पा? काय रं... कोण गेलं?"

इंग्रिडबाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता, तो आवाज मात्र कळला. त्यांनी भावाकडं पाहिलं, पेन उचललं आन् सही केली.