स्टिकरवरचं जपानी

माझे बाबा, केपुएली, विशीत असताना दीड वर्ष एका जपानी मासेमारी बोटीवर होते. तेवढ्या भांडवलावर ते ऑकलंडमधल्या आमच्या ओटाहुहू वस्तीच्या चर्चमधले गाड्यांचे जाणकार झाले. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! आम्हा टोंगन लोकांची कुटुंबं मोठी आणि अंगं त्याहून मोठी. आठ जणांची गाडी लागतेच, आणि परवडते ती जपानमध्ये वापरून झालेली, बोटीने ऑकलंडला आलेली. कुणालाही अशी गाडी घ्यायची झाली की बाबांना बोलावणं यायचं.

खोटं कशाला बोलू, इंजिन त्यांना कळायचं. विक्रीच्या आवारात शिरल्या शिरल्या ते बॉनेटवर हात ठेवायचे. गरम लागलं की म्हणायचे, "आम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलीत होय? होऊ दे थंड. आम्ही जेवून येतो." मग तेलाच्या झाकणाची आतली बाजू बघायची. तिथे पांढरी साय दिसली, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं, की तसंच माघारी. धूर, आवाज, सगळं बघून झालं की शेवटचा कार्यक्रम असायचा बॉनेटखालच्या जपानी स्टिकरचा. गाडीत काय, किती किलोमीटरला बदललं, ते त्यावर लिहिलेलं असतं. बाबा चष्मा लावून तो आधी जपानीत मोठ्याने वाचायचे, मग अर्थ सांगायचे. लोक आ वासून ऐकायचे. मीही लहानपणापासून ऐकत आले, आणि माझी छाती फुगायची.

पुढे मी विमानतळावरच्या दुकानात कामाला लागले. गिऱ्हाईक बहुतेक जपानी, म्हणून दुकानाने आम्हाला थोडं जपानी शिकवलं. घरी ते सांगायचं राहूनच गेलं. एकदा ओफेइना आत्या कुणाला तरी सोडायला आली होती. एका जपानी बाईला मी डब्यावरचं वाचून दाखवत होते, ते तिने पाहिलं. हसून निघून गेली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्यात बहिणीचा मान भावाच्या वर. तिच्यापुढे बाबा कधी मोठ्याने हसलेसुद्धा नाहीत. आठवड्यातून तीनदा ती चर्चमधल्या मूत्रपिंडाच्या रोग्यांना रक्त शुद्ध करायला इस्पितळात नेऊन आणायची. तिची जुनी गाडी मोडली तेव्हा तिने बाबांना निरोप धाडला, "शनिवारी गाडी बघायला ये. लेसिएलीलाही आण." लेसिएली म्हणजे मी.

"तिचं काय काम तिथे?" बाबांनी फोनवर विचारलं.

"मी म्हणतेय म्हणून," आत्या म्हणाली. विषय संपला.

आवारात दोन गाड्या पसंत पडल्या. बाबांनी आत्याला नीट समजावलं. "ही चंदेरी, चार सिलिंडरची. हिच्यात साखळी आहे, ती सहसा बदलावी लागत नाही. पण आपली माणसं बसली की चढावर हिला धाप लागणार. ही पांढरी सहा सिलिंडरची. ताकद आहे, पण हिच्यात साखळीऐवजी टायमिंगचा पट्टा आहे. तो लाखभर किलोमीटरला बदलावा लागतो. मीटर एक लाख बारा हजार दाखवतंय. पट्टा बदललेला असेल तर डोळे मिटून घ्या, ताई. नसेल आणि तुटला, तर इंजिन भंगारात."

म्हणजे सगळं आलं स्टिकरवर. बाबांनी चष्मा चढवला आणि प्रार्थना म्हणावी तसं गंभीरपणे वाचलं, "हायाकु हिके, बाका... हायाकु, हायाकु."

जपानी शिकल्यानंतर मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. 'लवकर ओढ, मूर्खा, लवकर, लवकर.' बोटीवरचा मुकादम वीस वर्षांच्या माझ्या बाबांवर जे ओरडला असेल, तेच ते स्टिकरकडे बघून म्हणत होते. मला आधी हसू फुटलं, आणि लगेच ते विरलं.

"अठ्ठ्याण्णव हजारांवर पट्टा बदललाय," बाबांनी अर्थ सांगितला.

मी वाकून बघितलं. आकडा बरोबर होता. पुढे लिहिलं होतं, 'इंजिन ऑइल'.

आत्या माझ्याकडे बघत होती. "मग? घ्यायची?"

माझ्यापाशी एकच वाक्य होतं, 'बदललाय तो पट्टा नाही, तेल.' ते बोलले असते तर बाबा थोरल्या बहिणीसमोर, त्या विक्रेत्यासमोर उघडे पडले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी मूग गिळून उभी राहिले आणि बाहीने उगाच आरसा पुसत बसले. आत्याने पांढरी गाडी घेतली.

घरी गेल्यावर बाबांना एकट्याला सांगीन, असं मी स्वतःला बजावलं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू म्हणत सात आठवडे काढले. लाज म्हणायची तर ती इथून सुरू होते, कारण घरात बाबा ज्याच्यासमोर उघडे पडतील असा कुणी विक्रेता नव्हता.

आठव्या आठवड्यात भर हमरस्त्यावर पट्टा तुटला. गाडीत चार रोगी होते. दुसरं वाहन मिळेपर्यंत त्यांतल्या फेलेती आजोबांची मशीनची पाळी हुकली. त्यांच्या छातीत पाणी भरलं, आणि नऊ दिवस ते इस्पितळात पडून होते. वाचले, ही देवाची कृपा. माझी काही नाही. मेकॅनिकने आत्याला तुटलेला पट्टा दाखवला आणि स्टिकरही. "हा तेलाचा आहे," तो म्हणाला. "पट्टा कधी बदललेलाच नाही."

रविवारी बाबा कमरेला जुनी फाटकी चटई गुंडाळून आत्याच्या अंगणात जमिनीवर जाऊन बसले. आमच्यात माफी अशीच मागतात. मी मागे उभी होते.

"ताई," मान खाली घालून ते म्हणाले, "मला जपानी वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. आजवर सगळ्यांना फसवलं."

आत्या बाहेर आली. "ऊठ, केपु. मला वीस वर्षांपासून माहीत आहे ते. तुला मी हात लावून इंजिन बघायला नेत होते, वाचायला नाही."

बाबांनी चमकून वर पाहिलं. "मग ही गाडी घेतलीत कशी?"

"वाचायला मी हिला नेलं होतं," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ही वाकून वाचताना मी बघितली. ही गप्प राहिली. म्हटलं, म्हणजे खरंच असणार."

बाबा वळून माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, कमरेची दोरी सोडली आणि ती फाटकी चटई माझ्या हातात दिली.