१७:३० च्या जागी

साल २०२४. माझं वय एकाहत्तर. शाळा म्हणाल तर चौथी, तीही अर्धीच. भुताखेतांच्या गोष्टी मी जन्मभर ट्रक ड्रायव्हर लोकांच्या तोंडून ऐकल्या, आणि प्रत्येकाला एकच विचारलं... किती घेतली होती? म्हणून हे लिहिताना मलाच कसंतरी होऊन राहिलं आहे. पण मी पीत नाही, चष्मा नवा आहे, आणि जे झालं ते भर उन्हात झालं. पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या.

घर नागपुरात, बेसा भागात. पश्चिमेला तोंड. समोर आंगण, आंगणातून ओट्यावर चढायला तीन पायऱ्या. नोकरी सारी शहराबाहेरच्या वाडी गावातल्या एका गोडाउनमध्ये गेली, गाड्यांच्या येण्याजाण्याची वेळ सांभाळत. बायको सुमन आदल्या वर्षी वारली. मुलगी रेखा पुण्यात असते. मी एकटा.

आमच्या ले-आउटची, म्हणजे वसाहतीची, एक वेबसाइट आहे, रेखानंच बनवून दिलेली. त्यात कॅलेंडर आहे. कुठं भजन, कुठं हळदीकुंकू, पाण्याचा टँकर केव्हा, सगळं त्यात. सुमन गेल्यावर रेखा म्हणाली, "बाबा, आता हे तुम्ही पाहत जा. तेवढाच वेळ जाईल." मी शिकलो. एकएक अक्षर दाबत शिकलो, पण शिकलो.

त्यात एक जागा आहे, तारीख आणि वेळ लोकांना कशी दिसावी ते ठरवायची. आधी महिना की आधी दिवस, बारा तासांचं घड्याळ की चोवीस. मी सगळं गोडाउनसारखं करून टाकलं. आधी दिवस, मग महिना, आणि चोवीस तास. कारण आहे. 'सहा वाजता माल' असं लिहिलं की गाडी कोणत्या सहाला येईल याचा नेम नसायचा. सकाळपासून हमाल बसून राहायचे आणि गाडी यायची दिवे लागल्यावर. अठरा लिहिलं की भानगड नाही.

ले-आउटच्या बायकांना ते जमलं नाही. शेजारच्या चंदाताई, सुमनच्या भजन मंडळातल्या, फाटकाशी येऊन म्हणाल्या, "काकाजी, एकोणीस वाजता भजन म्हणजे काय जी? भजन आहे का रेल्वे?"

"शिकून घ्या. मी म्हातारा शिकलो ना."

"आमच्यानं नाही होत बाप्पा. सातच लिहा ना साधं. तुमचं काय जाते?"

"सात दिवसातून दोनदा वाजतात," मी म्हणालो.

रेखानंही फोनवर सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही. हळूहळू बायकांनी ते कॅलेंडर उघडणंच सोडलं. एकमेकींना फोन करून ठरवू लागल्या. आणि त्या फोनमध्ये मी कशाला असणार... भजन कोणाकडं आहे, हे मला टाळ ऐकू आले की कळायचं.

सुमनची गोष्ट वेगळी. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण तिनं त्याकडं कधी पाहिलं नाही. बायांना सांगायची, "उन्ह पायरी चढल्यावर या." म्हणजे आंगणात सावली पसरली, ऊन सरकत पायऱ्यांवर आलं, की आंगणात सतरंजी टाकायची. मी चिडायचो. "अवं, ही काय वेळ झाली? थंडीत वेगळी, उन्हाळ्यात वेगळी."

ती म्हणायची, "बाया तर बरोबर येतात ना जी? मग?"

तिचं वर्ष आलं. माझ्या मनात एकच होतं, की तिच्या आंगणात तिच्या मंडळाचं भजन व्हावं. पण आमच्याकडं बायांना बोलावणं द्यायला घरची बाईच दारोदार जाते. पुरुषानं, तेही एकट्यानं, प्रत्येकीच्या दारात उभं राहायचं... माझ्यानं होईना. चंदाताईंना सांगितलं असतं तर त्यांनी केलं असतं. तेही तोंडातून निघालं नाही. मी कॅलेंडरात टाकलं. सुमनचं नाव, तारीख, १७:३०. ज्याला यायचं तो येईल.

त्या दिवशी आंगण झाडलं, पाणी शिंपडलं. सतरंजी काढली, पण टाकली नाही. तिच्या फोटोला हार घातला आणि बनियनवर आत पडून राहिलो. कोणी येणार नाही हे मला माहीत होतं. रिकाम्या सतरंजीकडं कोण पाहत बसेल.

तेवढ्यात फाटक वाजलं. चंदाताई, मागं सगळं मंडळ, टाळ, पेटी. घड्याळात पाच व्हायचे होते.

"काकाजी, हे काय, सतरंजी नाही टाकली अजून? सदरा तरी घाला."

"वेळ आहे ना. साडेपाचचं आहे."

"कुठं साडेपाच? काकूंचं वर्ष म्हणून कॅलेंडर उघडून पाहिलं, तर तुम्हीच टाकलेलं. यावेळी बरं समजलं आम्हाले. किती दिवसांनी असं बोलावणं आलं म्हणून आम्ही सगळ्या निघालो."

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. तारीख माझीच, आधी दिवस, मग महिना. आणि पुढं, जिथं १७:३० पाहिजे तिथं लिहिलेलं होतं: उन्ह पायरी चढल्यावर.

मी दुसरीचा फोन मागितला. त्यातही तेच. तिसरीच्या फोनमध्येही. मग मी आंगणाकडं पाहिलं. सगळीकडं सावली होती, आणि ऊन नेमकं खालच्या पायरीवर येऊन टेकलं होतं.

सदरा घातला, सतरंजी टाकली. भजन झालं. चहा बायांनीच केला. साखरेचा डबा कुठं असतो ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

त्या गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. १७:३०. जसंच्या तसं. चंदाताईंना आवाज देऊन त्यांचा फोन पुन्हा पाहिला, त्यातही आता १७:३०. त्यांनी तो आकडा बोट ठेवून दोनदा वाचला.

रेखाला फोन लावला. "तू केलं का गं हे?"

"नाही बाबा. त्या जागी शब्द बसतच नाहीत, फक्त आकडे बसतात. मी उघडलं होतं दुपारी, साडेपाचच होते." मग हळूच म्हणाली, "आईचं ते बोलणं मी तर विसरूनच गेली होती."

रेखा आणि मी सोडून पासवर्ड कोणाजवळ नाही. बायांनी मस्करी केली म्हणावं तर त्यांना चोवीस तास समजत नाही, त्या आत घुसून काय करणार. शिकलेल्या दोघांतिघांना विचारलं. कोणी म्हणे सर्व्हर, कोणी म्हणे काकाजी, तुम्हीच चुकून टाकलं असेल. माझ्या हातून असं चुकत नाही. मला आजही काही उलगडलं नाही, आणि भूत हा शब्द मी सुमनसाठी वापरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी चोवीस तासांची खूण काढून टाकली. मग पुढच्या गुरुवारचं भजन टाकलं, आमच्याच आंगणातलं. तारीख भरली. वेळेची जागा रिकामी ठेवली, कारण ऊन पायरी केव्हा चढतं ते इतक्या वर्षांत मी कधी धड पाहिलंच नव्हतं. ते संध्याकाळशिवाय येत नाही, एवढं मला कळतं. तरी चहाचा कप घेऊन सकाळीच खालच्या पायरीवर जाऊन बसलो.