पाच लाख त्र्याण्णव हजार पाचशे त्र्याण्णव

कोणतीही तीन अंकी संख्या घ्या आणि तीच शेजारी पुन्हा लिहा. तयार होणाऱ्या सहा अंकी संख्येला सात, अकरा आणि तेरा या तिघांनीही नि:शेष भाग जातो, कारण ती पहिल्या संख्येच्या बरोबर एक हजार एक पट असते. आठवीच्या वर्गाला हे मी दर वर्षी करून दाखवायचे.

तेव्हा शाळाशाळांतून कॉम्प्युटर येत होते. आमच्याकडे सहा आले. हेडमास्तर म्हणाले, "बाई, जूनपर्यंत सर्टिफिकेट आणा. नाहीतर बाहेरचा माणूस नेमावा लागेल." मला ती कॉम्प्युटरची प्रयोगशाळा हवी होती. गणित मी शिकवायचं आणि गणिताचं यंत्र दुसऱ्याने, हे मला पटणारं नव्हतं.

स्वारगेटजवळ क्लास लावला. बाकीची सगळी कॉलेजची मुलं, मी काकू. शिकवणारे सर माझ्या भाच्याच्या वयाचे.

शेवटच्या परीक्षेत संख्या मूळ आहे की नाही हे सांगणारा प्रोग्राम लिहायचा होता. सगळ्यांनी सरांच्या नोट्समधला उतरवला, मीही. सरांनी ९७ घातला: मूळ. ९१ घातला: मूळ नाही. ते सही करणार, एवढ्यात मी ५९३५९३ टाइप केलं.

पडद्यावर आलं: मूळ.

"सर, हे चुकलं."

"मॅडम, कॉम्प्युटर चुकत नाही."

"सात गुणिले ८४७९९ करून बघा."

त्यांनी कागदावर केलं. कान लाल झाले. "तुम्हाला सर्टिफिकेट हवंय की भांडण?"

"सर्टिफिकेट. पण बरोबर प्रोग्रामचं."

"मग करा दुरुस्त. वीस मिनिटं. नाही जमलं तर पुढच्या बॅचला या."

पुढची बॅच दिवाळीत संपणार होती. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "काकू, कशाला नसती उठाठेव?"

मी एक ओळ वाढवली: आत घेतलेली संख्या लगेच परत छाप. छापून आलं ३७६९. म्हणजे माझी संख्या आत पोचलीच नव्हती. संख्येसाठी राखलेल्या जागेत ३२७६७ च्या वरचं काही मावत नव्हतं. जास्तीचं गळून ३७६९ उरत होते. आणि ३७६९ ही खरोखरच मूळ संख्या आहे. यंत्र खोटं बोलत नव्हतं, भलत्याच संख्येबद्दल खरं सांगत होतं. मी मोठी जागा मागितली. तीन ठिकाणी बदल, एवढंच.

पुन्हा ५९३५९३. मूळ नाही, सातने भाग जातो.

सरांनी आणखी चार मोठ्या संख्या घालून पाहिल्या. मग सही केली आणि स्वतःच्या नोट्स माझ्यापुढे सरकवल्या. "मॅडम, यातही तेवढं लिहून द्याल?"

दिलं. सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "जमलं म्हणायचं?"

"किल्ली द्या," मी म्हटलं. "आठवी ब बाहेर उभी आहे."