तीच गोळी, पांढरं खोकं

"आल्झो, चला, पुढे?" असं अर्ध्या जर्मनमध्ये विचारताना काकांचा हात खिशातल्या गाडीच्या किल्लीवर असायचा. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये सगळे बसलेले आणि हे कोट घालून दाराशी उभे. मी म्हणायची, "बसा ना काका, अजून पाऊण तास आहे."

"गेनाऊ, बरोब्बर, म्हणूनच उभा आहे. बसलो की तिथलं ब्रोशर वाचावं लागतं." ब्रोशर आमच्याच कंपनीचं असायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारी नुसतं उभं राहिलं तरी आपल्यालाच कुठेतरी उशीर होतोय असं वाटायला लागतं.

युरो नवा होता तेव्हाची गोष्ट. कोलोनमधल्या एका औषध कंपनीत आम्ही दोघं फार्मारेफेरेंट होतो, म्हणजे आपल्याकडचे एमआर. ते औरंगाबादहून येऊन वीस वर्षं झालेले, मी साताऱ्याची, नवीकोरी. माझी प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, चालू होती. सहा महिन्यांत कंपनीला पसंत पडले नाही तर नोकरीही जाणार आणि व्हिसाही. काम शिकायला मला त्यांच्या गाडीत बसवलं होतं. 'सर' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. लाल सिग्नल लागला की ते चिवड्याचा डबा उघडायचे आणि हिरवा होईपर्यंत मुलाची तक्रार सांगून टाकायचे. "तो जर्मनमध्ये नाही म्हणतो, मी मराठीत ऐकत नाही. घर कसं शांत आहे!"

आमचं सगळं काम एका फुलीवर चालायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक छोटा चौकोन असतो. त्यात फुली मारली की औषधवाल्याला त्याच औषधाची दुसरी, स्वस्त गोळी देता येत नाही. आमची मधुमेहाची गोळी महाग होती, विमा ठरावीक रकमेपर्यंतच द्यायचा आणि वरचा फरक पेशंटच्या खिशातून जायचा. डॉक्टरांकडून ती फुली मिळवण्यात काकांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मग कंपनीनेच दुसऱ्या नावाची एक फर्म काढली. तीच गोळी, त्याच कारखान्यातली, साध्या पांढऱ्या खोक्यात घालून स्वस्तात विकायला आणली. आम्ही मात्र महागड्या खोक्यासाठी फुली मागत राहायची. मीटिंगमध्ये आमच्या टीमच्या प्रमुख बाईंनी बजावलं, "दोन्ही एकच आहेत, असं कुणी म्हणायचं नाही."

त्यावर चांगलीच जुंपली. एक मिशीवाला सहकारी म्हणाला, "आपला पगार त्या महाग खोक्यातून येतो. फुली गेली की आपण गेलो." ते खरंही होतं. दुसरी म्हणाली, "पेशंटचा ओळखीच्या नावावर विश्वास असतो. विश्वासानेही गुण येतो."

काका मागे कॉफीच्या टेबलापाशी येरझाऱ्या घालत होते. तिथूनच म्हणाले, "फुली मी मागतो, मारतो डॉक्टर आणि पैसे भरते म्हातारी. ह्यात विश्वास कुणाचा?" मी वहीत डोकं खुपसलं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी एका दवाखान्यात काकांच्या एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूला आमचीच गोळी घेणाऱ्या एक आजी. खूप दिवसांची ओळख असल्यासारख्या त्या सांगत होत्या, "गोळी चांगली आहे हो, पण महाग पडते. मी सुरीने अर्धी करते, म्हणजे पाकीट दुप्पट दिवस पुरतं."

औषधाबद्दल पेशंटशी बोलायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. काका त्यांच्यापुढे चक्क वाकून म्हणाले, "अर्धी करू नका. पूर्णच घ्या. आत गेल्यावर डॉक्टरांना विचारा, फुली काढता येईल का. पांढऱ्या खोक्यात हीच गोळी आहे."

आजींनी आत जाऊन विचारलं. डॉक्टर भडकले आणि त्यांनी कंपनीत फोन केला. तक्रार अशी गेली, की तुमच्या माणसाने माझ्या पेशंटला गोळी बंद करायला सांगितली.

गाडीत काका एवढंच म्हणाले, "तुला विचारतील. जे ऐकलंस ते सांग." मला वाटलं, माझ्यावर ओझं नको म्हणून म्हणताहेत. मोठ्या मनाचे होतेच ते.

तीन दिवसांनी प्रमुख बाईंनी बोलावून विचारलं, "तुम्ही शेजारी होतात. ते काय म्हणाले?" काकांचं नाव तोंडातून जाऊ द्यायचं नाही, असं ठरवूनच गेले होते. आणि खोटं कशाला बोलू, माझा व्हिसाही डोळ्यांपुढे होता. मी म्हणाले, "मी रिसेप्शनवर होते. काहीच ऐकलं नाही." त्यांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी नोकरी आपणहून सोडल्याच्या कागदावर सही केली, किल्ली जमा केली आणि ट्रामकडे निघाले. मी धावत गाठलं. "काका, मी तुमचं नाव येऊच दिलं नाही. काही ऐकलंच नाही म्हटलं!"

ते मागे वळले. "अगं, मीच त्यांना म्हटलं होतं, ही माझ्या शेजारी होती, हिला विचारा."

"म्हणजे?"

"बोललो हे मी लिहूनच दिलं होतं. त्याबद्दल नुसती ताकीद मिळाली असती. वाद एवढाच होता, की मी गोळी बंद करा म्हटलं की पूर्ण घ्या म्हटलं. आणि आपल्यातली ते ऐकलेली तू एकटीच."

"मी आत्ता वर जाते. खरं सांगते."

"नको. सही झाली. आता गेलीस तर तुझीही जाईल." माझ्या डोक्यावर हात ठेवून ते ट्राममध्ये चढले.

मी त्या कंपनीत पुढे अकरा वर्षं काढली. काकांचे डॉक्टरही मलाच मिळाले. काकांनी नोकरी सोडली त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला काकूंचा फोन आला, खिरीला ये म्हणून. मागून काका ओरडत होते, "तिला म्हणावं, लवकर ये, खीर निवते!"

मी म्हणाले, ताप आहे. तेही खोटंच होतं.