मुका ग

लोणावळ्याचं स्थळ मला मनापासून हवं होतं. मुलगा शाळामास्तर होता आणि लग्नानंतर मुलीला मॅट्रिकला बसवीन, असं त्याने आधीच कळवलं होतं. असं म्हणणारा दुसरा कोणी अख्ख्या मावळात मला मिळणार नव्हता.

तळेगावच्या आमच्या घरी मंडळी पाहायला आली. मुलाचे वडील वडगावच्या कोर्टात वकिली करत. त्यांचा आवाज असा, की ओसरीवर बोलले तरी परसातल्या म्हशीने कान टवकारावेत. मुलगा मान खाली घालून बसला होता, त्याच्या आईची मान त्याहून खाली. "मुलगी इंग्रजी शिकलीय म्हणता. वाच गं पाहू," म्हणत वकिलांनी कोटाच्या खिशातून वर्तमानपत्र काढलं. मी घडाघडा वाचत गेले आणि एका शब्दाशी त्यांनी मला अडवलं.

"इम्प्यून? अगं, इम्पग्न! मग्न, भग्न, तसं इम्पग्न. छापलेला ग गिळलास की काय?"

आपल्याकडे लिहिलं तसं वाचायचं, ते तरी काय करणार! माझे वडील इंग्रजीचे मास्तर. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प बस म्हणून खुणावलं. बसणारही होते मी. पण वकील पुढे म्हणाले, "कोर्टात रोज वापरतो मी हा शब्द!" आणि माझी जीभ वळवळली.

"तो ग मुका आहे," मी म्हणाले. "लॅटिनमध्ये मुठीला पुग्नुस म्हणतात. त्यावरून लढण्याचा शब्द झाला, आणि त्याला इम् लागला की अंगावर चालून जाणं. इंग्रजीत येईपर्यंत हाणामारी सुटली, दुसऱ्याच्या खरेपणावर शंका घेणं तेवढं उरलं."

"म्हणजे मी खोटा?"

"तुम्ही नाही, तुमचा उच्चार."

वडिलांनी डोळे मिटून घेतले. झालं, स्थळ गेलं! मला रडूच यायला लागलं. वकील लालबुंद होऊन उठले आणि इकडेतिकडे टोपी शोधू लागले.

"मुलगी पसंत आहे."

मुलाची आई बोलली होती. मुलगा आईकडे असा बघत राहिला, की त्या घरात असलं काही आजवर घडलं नसावं. वकिलांनी काही म्हणायला तोंड उघडलं.

"टोपी तुमच्या डोक्यावरच आहे," त्या म्हणाल्या. "बसा. मुहूर्ताचं बोलू."

वकील बसले.