हौदाचं बूच

आधी चहाचे कप खाली ठेवा. सांडलात तर मी जबाबदार नाही! चांगुलपणा करायला जाऊन एवढी माती खाल्लेला माणूस तुम्हाला अख्ख्या दुबईत सापडायचा नाही.

फॅक्सच्या जमान्यातली गोष्ट. रास अल खोरला सावंतसाहेबांचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं गोडाऊन, आणि मी तिथे सेल्समन. जपानच्या किमुरासाननी एजन्सी दिली की माझा पगार वाढणार, आणि पगार वाढला तरच फॅमिली व्हिसा. बायको चार वर्षं चिपळूणला. दर शुक्रवारी फोनवर तिचा एकच प्रश्न, "कधी नेताय?" माझं एकच उत्तर, "इन्शाल्ला."

किमुरासाननी साहेबांना आणि मला बोलावलं ते थेट त्यांच्या डोंगरातल्या गावी. हॉटेल नाहीच. गवती छपराचं जुनं घर, कागदाची दारं, झोपायला चटया, बाहेर बर्फ. घरमालकीण बाई पाहुणे ठेवायची, किमुरासानही आमच्याबरोबर तिथेच उतरलेले. संध्याकाळी तिने सगळ्यांच्या आधी मला आंघोळीला पाठवलं. मान हो, मान!

लाकडी हौदात गळ्यापर्यंत गरम पाणी. मनसोक्त डुंबलो. बाहेर आलो आणि आईचे संस्कार जागे झाले. आपलं वापरलेलं पाणी दुसऱ्याला ठेवायचं? शी! ओढलं बूच. शिवाय तसाच वाकून हौद घासायलाही लागलो.

मागे दार सरकलं. खांद्यावर टॉवेल घेऊन किमुरासान. "ओऽऽ!" एवढंच म्हणाले आणि दार लावून गेले.

मला वाटलं, कौतुक!

"अरे, काय केलंस हे?" साहेब धावत आले. "इथे अंग हौदाबाहेर धुतात आणि सगळे एकाच पाण्यात बसतात! बाईने दुपारपासून लाकडं जाळून तापवलं होतं!"

"मग परत भरू ना साहेब. गरम पाण्याला काय तोटा?"

बघा, दुबईची अक्कल! इथे उन्हाळ्यात टाकीचं पाणी नळातून उकळतच येतं, आपण ते बादल्या भरून निववत ठेवतो. तिथे ती बिचारी बर्फातून सरपण आणायला निघाली. मी मदतीला धावलो आणि चुलीत ओली लाकडं कोंबली. घरभर धूर! सगळे पाहुणे पारोसे, खोकत बसलेले. आणि किमुरासान कमरेत वाकून मलाच सॉरी म्हणतायत!

"खलास," साहेब पुटपुटले. "गेली एजन्सी."

माझा फॅमिली व्हिसाही गेला होता. बायकोला काय सांगू?

दुबईत परतल्यावर महिनाभर फॅक्स वाजला की मी गोडाऊनच्या मागे सटकायचो. मग एक दिवस साहेबांची हाक आली, "यल्ला, इकडे ये!" एजन्सी मिळाली होती! दुसऱ्यासाठी हौद घासणारा माणूस आमचे पार्ट्सही नीट सांभाळेल, असं किमुरासाननी लिहिलेलं. पण दुसऱ्या पानावर चित्र. त्या घराच्या न्हाणीघरात आता लावलेली पाटी! उघडाबंब माणूस वाकून बूच ओढतोय, वर भलीमोठी फुली.

साहेबांनी ते मोठं करून ऑफिसात टांगलं. मी म्हटलं, टांगू दे. माणूस पाठमोरा आहे, कोण ओळखतंय?

चार महिन्यांनी बायको आली. हौसेने तिला ऑफिस दाखवायला नेलं. सगळा स्टाफ उभा, आणि ही दारातच थबकली.

"अगंबाई! अहो, तुमचं असलं चित्र भिंतीवर कोणी लावलं?"